ग्राफिक्स कार्ड बदललं आणि पीसी गेममध्ये रिस्टार्ट व्हायला लागला: जुन्या पीसीत दोष कसा शोधायचा

"मामा, परत बंद पडला."

कराडहून भाच्याचा हा फोन तीन आठवड्यांत चौथ्यांदा आला, तेव्हा मी त्याला म्हटलं, आता काहीही उघडू नकोस, काहीही बदलू नकोस, दिवाळीला येतोय तेव्हा दोघं मिळून बघू. तोपर्यंत त्या पोराचं बरंच काही करून झालं होतं. ड्रायव्हर चार वेळा टाकला, विंडोज दोनदा नव्यानं भरलं, प्रोसेसरची पेस्ट बदलली. कार्ड कुरिअरने दुकानात परत पाठवून दुसरं मागवलं. दुसऱ्या कार्डावरही तेच. गावातल्या एका दुरुस्तीवाल्यानं "मदरबोर्ड गेलाय" असं सांगून टाकलं होतं, आणि ताई नवीन पीसीचे पैसे कुठून आणायचे या विचारात होती.

मदरबोर्ड गेला नव्हता. कार्डही चांगलं होतं, दोन्ही कार्डं चांगली होती. हाच प्रकार मी गेल्या काही वर्षांत निदान आठ-दहा घरांत पाहिला आहे, आणि बहुतेक ठिकाणी चांगलं कार्ड नाहक परत गेलं. म्हणून हे सगळं सविस्तर लिहितो आहे.

आधी मशीन सांगतो, कारण आपल्याकडे घराघरांत असाच पीसी आहे. इंटेल आय५-४४६० प्रोसेसर, एच८१ चिपसेटचा बोर्ड, डीडीआर३ची ८ जीबीची एकच स्टिक, १ टीबीची हार्ड डिस्क. घेतला २०१५ साली, ताईच्या शिकवणीच्या कामासाठी. कॅबिनेटबरोबरच एसएमपीएस, म्हणजे पीसीला वीज पुरवणारा डबा, आला होता, वर ठळक अक्षरांत ४५० वॅट लिहिलेला. नऊ-दहा वर्षं एकदाही त्रास नाही. मग भाच्यानं साठवलेल्या पैशांतून लॅमिंग्टन रोडच्या एका दुकानातून सेकंड हँड जीटीएक्स १६६० सुपर मागवलं, आणि त्या दिवसापासून जीटीए ५ सुरू केला की दहा-बारा मिनिटांत पीसी खटकन बंद होऊन आपोआप पुन्हा चालू. डेस्कटॉपवर दिवसभर ठेवा, यूट्यूब बघा, काहीच होत नाही. फक्त गेममध्ये.

लक्षण नीट बघा

"गेममध्ये बंद पडतो" एवढ्यावरून काहीच कळत नाही. बंद पडतो म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी शांतपणे पाहायचं. मी भाच्याला शेजारी बसवलं आणि सांगितलं, गेम खेळ, मी नुसता बघतो.

अकराव्या मिनिटाला स्क्रीन काळी झाली. त्याच क्षणी आवाजही गेला, कॅबिनेटचा दिवा विझला, पंखे मंदावले, आणि दीड-दोन सेकंदांत पुन्हा सगळं सुरू झालं. निळी स्क्रीन नाही, एरर नाही, गेम आधी अडखळला असंही नाही. ही वीज तुटण्याची खूण आहे. ड्रायव्हर बिघडला तर असं होत नाही. ड्रायव्हर कोसळतो तेव्हा स्क्रीन काळी होते पण बहुतेकदा आवाज चालू राहतो, किंवा एकच सूर अडकून घुमत राहतो, आणि कॅबिनेटचे दिवे जसेच्या तसे असतात.

खात्री करायची तर विंडोजमधलं इव्हेंट व्ह्यूअर उघडा, विंडोज लॉग्जमध्ये सिस्टिम या भागात जा. तिथं कर्नल-पॉवर, आयडी ४१ अशी नोंद दिसेल. हे नाव वाचून लोक लगेच "बघा, पॉवरचाच दोष" म्हणतात, पण ती नोंद फक्त इतकंच सांगते की मशीन रीतसर बंद न होता बंद झालं. खरी माहिती तिच्या डिटेल्समध्ये आहे. तिथं बगचेककोड शून्य असेल तर विंडोजला निळी स्क्रीन नोंदवायलाही वेळ मिळालेला नाही, म्हणजे वीज खालूनच गेली किंवा मशीन जागच्या जागी गोठलं. शून्याऐवजी दुसरा आकडा असेल, तर वाट वेगळी. भाच्याच्या मशीनवर अशा सतरा नोंदी होत्या आणि सतराही ठिकाणी शून्य.

एसएमपीएसचं लेबल

कॅबिनेटचा बाजूचा पत्रा काढला आणि मोबाइलचा टॉर्च लावून एसएमपीएसचा स्टिकर वाचला. ४५० हा मोठा आकडा सोडून द्या, त्याखालचा बारीक तक्ता महत्त्वाचा. त्यात लिहिलं होतं: ३.३ व्होल्टला १८ अँपिअर, ५ व्होल्टला २० अँपिअर आणि १२ व्होल्टला १५ अँपिअर.

प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड हे दोघेही जवळजवळ सगळी वीज १२ व्होल्टच्या लाइनवरून घेतात. १२ गुणिले १५ म्हणजे १८० वॅट. तुमच्या गेमसाठी हा एसएमपीएस १८० वॅटचा आहे, ४५०चा नाही. तक्त्यातली बाकीची वीज ५ आणि ३.३ व्होल्टला वाटलेली आहे. जुन्या काळातल्या मशीनना ती लागायची, आज कार्डाला तिचा उपयोग नाही.

आता खर्चाची बाजू. जीटीएक्स १६६० सुपरचं रेटिंग १२५ वॅट. आय५-४४६०चं ८४ वॅट. बेरीज २०९. त्यात हार्ड डिस्क आणि पंखे अजून धरलेले नाहीत. शिवाय कार्ड काही मिलिसेकंदांसाठी आपल्या रेटिंगपेक्षा बरीच जास्त वीज ओढतं, तेही वेगळंच. १८० वॅटच्या लाइनवर इतका भार टाकला, तरी तो एसएमपीएस दहा मिनिटं तग धरत होता याचंच मला नवल वाटलं.

दहा मिनिटंच का, हा भाच्याचा प्रश्न रास्त होता. "कमी पडत असेल तर गेम सुरू करतानाच बंद व्हायला हवा ना, मामा?" गार असताना एसएमपीएस थोडा जास्त भार सोसतो. आतले भाग तापले की त्याची ताकद उतरते, आणि दहा वर्षांचे कपॅसिटर असतील तर जास्तच उतरते. मेनूमध्ये आणि गाडी चालवताना जमून जातं, मग स्फोट, धूर, पाऊस असा एखादा जड प्रसंग येतो आणि व्होल्टेज घसरून संरक्षण सर्किट सगळं बंद करतं. म्हणूनच दुकानदाराकडे अर्धा तास तपासलेलं कार्ड घरी आल्यावर "बिघडतं". दुकानदार खोटं बोलत नव्हता. त्याच्या टेबलावरचा एसएमपीएस चांगला होता, एवढंच.

पैसे खर्च करण्याआधी करायची चाचणी

बेरीज जमली तरी मी लगेच "नवा एसएमपीएस घ्या" म्हणत नाही. एक चाचणी आहे, फुकट आहे आणि पाच मिनिटांत लावता येते. मला ती सगळ्यात जास्त भरवशाची वाटते.

एमएसआय आफ्टरबर्नर नावाचं सॉफ्टवेअर टाका, कार्ड कुठल्याही कंपनीचं असलं तरी चालतं. त्यात पॉवर लिमिटची पट्टी असते. ती १०० वरून ७० टक्क्यांवर आणा आणि लागू करा. आता कार्ड १२५ऐवजी साधारण ८८ वॅटवर थांबेल. गेमचा वेग थोडा कमी होईल, पण तुम्हाला फारसा जाणवणार नाही. मग तोच गेम, त्याच सेटिंगवर, तासभर खेळा.

भाचा एक तास दहा मिनिटं खेळला. एकदाही रिस्टार्ट नाही. पट्टी परत १०० वर नेली, बाराव्या मिनिटाला खटकन बंद. पुन्हा ७०, पुन्हा नीट. चार आठवडे छळणारा प्रश्न एका संध्याकाळी उलगडला, तोही स्क्रू ड्रायव्हर न लावता. ताईला मी हाक मारून बोलावलं आणि पट्टी दाखवली. नवीन पीसीचा विषय तिथंच संपला.

ही चाचणी करताना कार्डावर मुद्दाम टोकाचा ताण टाकणारी फरमार्कसारखी सॉफ्टवेअर चालवू नका. कमकुवत एसएमपीएस जाताना कधी कधी बोर्डालाही घेऊन जातो. नेहमीचा गेमच पुरेसा आहे.

घरात साधा मल्टिमीटर असेल तर आणखी एक पुरावा मिळतो. हार्ड डिस्कला जाणाऱ्या वायरींपैकी एखादा चार पिनांचा मोकळा मोलेक्स शोधा. पिवळी वायर १२ व्होल्ट, लाल ५ व्होल्ट, काळी ग्राउंड. मीटर डीसी २० व्होल्टवर ठेवून लाल टोक पिवळ्या वायरीच्या पिनमध्ये, काळं टोक काळ्याच्या पिनमध्ये. दोन टोकं एकमेकांना टेकू देऊ नका. नियमाप्रमाणे ही लाइन ११.४ ते १२.६ व्होल्टच्या दरम्यान राहायला हवी. आमच्याकडे डेस्कटॉपवर ११.८ दिसत होते. गेम सुरू केला, ११.५. दहाव्या मिनिटाला ११.२ आणि मग मीटरचा आकडा शून्याकडे धावला. भाच्याच्या चेहऱ्यावर तेव्हा जे समाधान दिसलं ते फक्त कारण कळल्याचं होतं, दुरुस्ती अजून झालेलीच नव्हती.

सॉफ्टवेअरमधून दिसणाऱ्या व्होल्टेजवर विसंबू नका, जुन्या बोर्डांवरचे सेन्सर वाट्टेल ते आकडे दाखवतात. आणि एसएमपीएसचं झाकण कधीही उघडू नका. आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये तीनशे व्होल्टच्या वर डीसी साठलेली असते आणि प्लग काढल्यावरही ती काही काळ तशीच राहते. हे मी फार कळकळीनं सांगतो आहे.

तो छोटा अ‍ॅडॅप्टर

चाचणी झाल्यावर कार्ड काढलं, तेव्हा आणखी एक गोष्ट हाती आली. कार्डाला आठ पिनांची वीज लागते, आणि जुन्या एसएमपीएसला तो कनेक्टर नव्हताच. म्हणून दोन मोलेक्समधून आठ पिना काढणारा अ‍ॅडॅप्टर लावला होता. तो हातात घेऊन खिडकीपाशी नेला. पांढऱ्या प्लास्टिकवर एका पिनेच्या भोवती चहाच्या डागासारखं तपकिरी वर्तुळ होतं, नाकाशी नेलं तर करपल्याचा मंद वास. दोन्ही मोलेक्स एकाच वायरीच्या माळेतून आलेले, म्हणजे दोन तोंडांनी वीज घेतली तरी मागे पिवळी वायर एकच. हार्ड डिस्कसाठी बनवलेली ती बारीक वायर अख्ख्या कार्डाचा भार वाहत होती.

हिशेब असा आहे. मदरबोर्डचा स्लॉट कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट देतो. सहा पिनांचा कनेक्टर आणखी ७५, आठ पिनांचा १५०. साटाच्या, म्हणजे हार्ड डिस्क-एसएसडीच्या, वीज कनेक्टरमधली १२ व्होल्टची बाजू साडेचार अँपिअरची, म्हणजे ५४ वॅटची. त्यातून ७५ वॅटचे सहा पिन काढणारे अ‍ॅडॅप्टर बाजारात सर्रास मिळतात, आणि ते वितळल्याचे फोटो ज्यांनी पाहिलेत त्यांना वेगळं सांगायला नको. साटा ते सहा पिन असला अ‍ॅडॅप्टर घरात असेल तर फेकून द्या.

आणखी एक सावधगिरी. प्रोसेसरचा आठ पिनांचा कनेक्टर आणि ग्राफिक्स कार्डाचा आठ पिनांचा कनेक्टर दिसायला भावंडं, पण १२ व्होल्ट आणि ग्राउंडच्या जागा उलट आहेत. पिनांचे आकार वेगळे असल्यानं सहज बसत नाहीत. जोर लावून बसवला तर शॉर्ट. प्रोसेसरचा चार-चार असा तुटतो, कार्डाचा सहा-दोन असा. बसत नाही म्हणजे तो तिथला नाही.

शेवटी आम्ही नव्या, ८० प्लस हे कार्यक्षमतेचं प्रमाणपत्र असलेल्या ५५० वॅटच्या एसएमपीएसची ऑर्डर दिली. घेताना दोनच गोष्टी पाहिल्या: १२ व्होल्टला ४० अँपिअरच्या वर आहे का, आणि सहा-दोन पिनांची स्वतःची वायर आहे का. तो बसवल्यापासून पॉवर लिमिट १०० वर आहे आणि कर्नल-पॉवरची एकही नवी नोंद नाही.

एखाद्या मोठ्या कंपनीचा ऑफिसमधून निघालेला रिफर्बिश्ड पीसी असेल तर एसएमपीएस मागवण्यापूर्वी बोर्डाचा मुख्य वीज कनेक्टर बघा. नेहमीचा २४ पिनांचा असेल तर ठीक. काही मॉडेलमध्ये तो सहा किंवा आठ पिनांचा, कंपनीचा स्वतःचा असतो, आणि कधी कधी एसएमपीएसचा आकारच वेगळा असतो. तिथं बाजारातला नेहमीचा एसएमपीएस बसत नाही. अशा पीसीसाठी वेगळी वीज न मागणारं ७५ वॅटच्या आतलं कार्ड घेणं शहाणपणाचं: जीटीएक्स १०५० टीआय आणि जीटीएक्स १६५०ची बरीच मॉडेलं, किंवा आरटीएक्स ३०५०चं ६ जीबीवालं. दुकानात विचारून घ्या, कारण १६५०च्या काही मॉडेलना सहा पिनांची वायर लागतेच. कॅबिनेट अरुंद असेल तर कमी उंचीचं कार्ड लागेल, तेही मोजून.

यूपीएस आणि अर्थिंग

हे दोन्ही आपल्याकडचे खास दोष आहेत आणि परदेशी व्हिडिओंमध्ये कुणी सांगत नाही.

घरातला ६०० व्हीएचा यूपीएस म्हणजे साधारण ३६० वॅट. पीसी आणि मॉनिटरला एरवी तो पुरतो. पण त्याची बॅटरी तीन-चार वर्षांची झाली असेल आणि संध्याकाळी गावात व्होल्टेज खाली-वर होत असेल, तर यूपीएस क्षणभर बॅटरीवर जातो, गेमचा भार त्याला पेलवत नाही आणि सगळं बंद. लक्षण हुबेहूब एसएमपीएससारखंच. फरक एवढाच की मॉनिटरही त्याच क्षणी बंद होतो आणि यूपीएसमधून टिक किंवा बीप ऐकू येते. पीसी थेट भिंतीच्या प्लगमध्ये लावून एक संध्याकाळ खेळून बघा, निकाल लागतो. माझ्या एका मित्राकडे डोंबिवलीला हेच निघालं. नवी बॅटरी टाकल्यावर मिटलं.

अर्थिंगचं म्हणाल तर कॅबिनेटच्या पत्र्याला हात लागल्यावर बारीक झिणझिण्या येत असतील, तर ते "संगणकाला असतंच" म्हणून सोडू नका. एसएमपीएसच्या आत फिल्टरचे कपॅसिटर असतात. अर्थिंग नसेल तर ते पत्र्यावर २३० व्होल्टच्या निम्म्याच्या आसपास व्होल्टेज आणून ठेवतात. करंट फार थोडा असतो म्हणून फक्त झिणझिण्या येतात. पण चालू पीसीला एचडीएमआयची वायर लावता-काढताना कार्डाचा पोर्ट मरू शकतो तो यामुळेच. तीन पिनांच्या प्लगची अर्थची पिन तोडून एक्स्टेंशनला लावलेला पीसी दिसला की मी आधी तो बंद करायला लावतो, मग बाकीचं बोलतो.

कार्ड बसवल्यावर डिस्प्लेच येत नाही

हा दुसरा नेहमीचा प्रकार. सगळ्यात आधी बघा, मॉनिटरची वायर कार्डाला लावली आहे की अजून मदरबोर्डाच्या पोर्टलाच. सवयीनं हात तिकडेच जातो. मग कार्ड स्लॉटमध्ये शेवटपर्यंत बसलंय का, मागची कडी खटकन लागली का. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या पांढऱ्या खोडरबरनं हळू पुसा आणि बुरा झटकून टाका. कोकणातल्या दमट हवेत दोन पावसाळे काढलेल्या बोर्डांना एवढ्यानेच जीव येतो.

जुना मॉनिटर फक्त व्हीजीएवाला असेल तर नव्या कार्डांबरोबर घोळ होतो. जीटीएक्स १० मालिकेपासून कार्डांनी अ‍ॅनालॉग सिग्नल देणं बंद केलं. पूर्वीचा डीव्हीआय ते व्हीजीए हा छोटा जोड फक्त पिना जुळवायचा, सिग्नल बदलायचा नाही, त्यामुळे तो आता चालत नाही. आत चिप असलेला एचडीएमआय ते व्हीजीए कन्व्हर्टर लागतो.

एच६१ किंवा त्याहून जुन्या बोर्डांवर बायॉसच, म्हणजे बोर्डातलं मूळ सॉफ्टवेअरच, कार्डाला ओळखत नाही असंही होतं. नव्या कार्डांना यूईएफआय, म्हणजे नव्या पद्धतीचं बायॉस, हवं असतं आणि जुना बायॉस त्यांच्याशी बोलूच शकत नाही. कार्ड काढून बोर्डाच्या स्वतःच्या डिस्प्लेवर पीसी चालू करा, बोर्ड कंपनीच्या साइटवरचा शेवटचा बायॉस टाका, पहिला डिस्प्ले कुठला या सेटिंगमध्ये पीईजी किंवा पीसीआय एक्स्प्रेस निवडा. बायॉस टाकताना वीज जाता कामा नये. सीआर२०३२ सेल काढून बायॉस रिसेट करायचा असेल तर आधी सेटिंगचे फोटो काढा. रिसेटनंतर डिस्कचा मोड एएचसीआयवरून आयडीईवर गेला की विंडोज उघडत नाही, आणि लोकांना वाटतं की कार्डानं विंडोज उडवलं.

स्क्रीन काळी, आवाज चालू

इथं आधी ड्रायव्हर. डिस्प्ले ड्रायव्हर अनइन्स्टॉलर उतरवून घ्या, इंटरनेटची वायर काढा, सेफ मोडमध्ये जाऊन जुना ड्रायव्हर पूर्ण साफ करा, मग नवा टाका. इंटरनेट यासाठी काढायचं की विंडोज मधेच स्वतःचा ड्रायव्हर घुसवतं. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये आयडी ४१०१ दिसत असेल तर ड्रायव्हरनं प्रतिसाद देणं थांबवल्याची ती नोंद.

साफ ड्रायव्हरनंतरही तेच चालू असेल, तर आफ्टरबर्नरमधून कोअरचा वेग ५० ते १०० मेगाहर्ट्झनं आणि मेमरीचा थोडा कमी करून बघा. तेवढ्यानं स्थिर झालं तर कार्ड झिजलेलं आहे, आणि चेकिंग वॉरंटी, म्हणजे दुकानदारानं तपासून बघायला दिलेली मुदत, असेपर्यंत ते परत करा. क्रिप्टो मायनिंगमधून निघालेल्या कार्डांत हे फार सापडतं. जीपीयू-झेड या छोट्या सॉफ्टवेअरमध्येही एकदा बघाच. जुन्या जीटीएस ४५० किंवा जीटीएक्स ५५० टीआयचा बायॉस बदलून १०५० टीआय म्हणून विकलेली कार्डं बाजारात फिरली आहेत, आणि अशा कार्डाच्या नावापुढे जीपीयू-झेड फेक असा शिक्का दाखवतं.

रिस्टार्ट थांबला, आता गेम अडखळतो

नवा एसएमपीएस बसल्यावर भाच्याकडे हेच झालं. पडद्यावर आकडे लावून पाहिलं तर कार्ड ५५ टक्क्यांवर आळसावलेलं, प्रोसेसरचे चारही कोअर शंभरावर, रॅम भरलेली आणि हार्ड डिस्क शंभर टक्के. हा बिघाड नाही. कार्डाच्या मागे बाकीचं मशीन धापा टाकतंय.

८ जीबीची एकच स्टिक १६०० मेगाहर्ट्झवर सेकंदाला १२.८ जीबी वाहते, तशाच दोन लावल्या की २५.६. जुनी डीडीआर३ स्वस्तात मिळते, तशीच दुसरी ८ जीबीची लावली. हार्ड डिस्कऐवजी साटा एसएसडी टाकली. आणि रिवाट्युनर या सॉफ्टवेअरमधून सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम ६०वर बांधल्या, कारण मॉनिटर ६० हर्ट्झचाच आहे. त्यामुळे प्रोसेसरला उसंत मिळाली, झटके जवळजवळ गेले. माझं स्पष्ट मत आहे की अशा पीसीला कार्ड घेण्याआधी एसएसडी आणि दुसरी रॅम घ्यावी.

कार्ड निवडताना एक सापळा जुन्या बोर्डवाल्यांसाठीच आहे. एच८१चा स्लॉट पीसीआय एक्स्प्रेस २.० आहे, सोळा लेनला, म्हणजे माहिती वाहणाऱ्या सोळा वाटांना, मिळून सेकंदाला ८ जीबी. सोळा लेन वापरणारी १६५०, १६६० सुपर किंवा आरएक्स ५८० यात फारसं गमावत नाहीत. पण आरएक्स ६५०० एक्सटी आणि आरएक्स ६४०० फक्त चार लेन वापरतात. जुन्या स्लॉटवर त्यांना मिळतात सेकंदाला २ जीबी, आणि मेमरीही बहुतेकदा ४ जीबीच, म्हणून ती भरली की गेम ठेचकाळत चालतो. नवं, गॅरंटीचं आणि स्वस्त म्हणून पुष्कळ जण हेच घेतात. इंटेलची आर्क कार्डंही इथं नकोत, त्यांना रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डाची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी सोय) लागतो आणि तो या बोर्डांवर नसतो. जीटीएक्स १० मालिका आता घेताना लक्षात ठेवा, ऑक्टोबर २०२५ पासून तिला नव्या गेमसाठीचे ड्रायव्हर बंद झालेत, फक्त सुरक्षेच्या दुरुस्त्या येत राहणार. १६ मालिका अजून त्यातून सुटलेली आहे.

उन्हाळ्यात भाच्याच्या कार्डाचं तापमान ८० अंशांच्या वर जायला लागलं, तेव्हा पुढच्या जाळीमागे एक १२० मिलिमीटरचा पंखा लावला, ते ७२ वर आलं.

जुना एसएमपीएस फेकला नाही. ताईच्या शिकवणीतल्या दुसऱ्या, कार्ड नसलेल्या पीसीत तो मुकाट चालतो आहे. भाच्यानं त्यावरचे ४५० खोडून मार्करनं लिहिलंय: १२ व्होल्ट, फक्त १८०.